एकेकटे भरदार, दोघे मिळून पोकळ

मालवणजवळच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडं आखडून देतो. (पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखालचा, त्यांच्या हालचालीची वीज करणारा भाग; नेकचा मानेकडचा, ब्रिजचा खालच्या टोकाकडचा, मिडल मधला. एकच गुंडाळी असलेला तो सिंगल कॉइल.)

"काका, नमस्कार. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्याकडे स्ट्रॅट पद्धतीची, तीन सिंगल कॉइल पिकअपची गिटार आहे. गेल्या पावसाळ्यात तिचा नेकचा पिकअप बंद पडला. पैसे साठवून ऑनलाइन नवा मागवला आणि मीच बसवला. तिन्ही पिकअप एकेकटे छान वाजतात. पण स्विच नेक आणि मिडलच्या मधे आणला की आवाज एकदम पातळ होतो, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. खर्ज तर गायबच. एका दुरुस्तीवाल्याला दाखवली. तो म्हणाला, 'ह्यो डुप्लिकेट आसा, तिन्ही पिकअप नवे घाल.' तेवढे पैसे नाहीत, बाबांच्या होडीचं काम निघालंय. गणपतीत पाचव्या दिवशी आमचा कार्यक्रम आहे. काय करू?"

प्रिय मित्रा,

तिन्ही पिकअप घेऊ नकोस. एकही घेऊ नकोस. तुझा नवा पिकअप चांगला आहे आणि त्याचा पुरावा तूच पत्रात दिला आहेस: एकेकटे छान वाजतात, दोन मिळून पातळ होतात. डुप्लिकेट किंवा खराब पिकअप एकटा असतानाही खराबच वाजतो. दुसऱ्याची सोबत मिळाली की बिघडायचं आणि सोबत सुटली की सुधारायचं, हे लक्षण एकाच गोष्टीचं असतं. नव्या पिकअपचा फेज, म्हणजे त्याच्या विजेची दिशा, बाकीच्या दोघांच्या उलट लागला आहे. दोन वायरींची अदलाबदल, एवढंच काम आहे. पण ते करण्याआधी थोडं समजून घे, कारण न समजता वायरी हलवल्या तर पाचव्या दिवसापर्यंत तू चारदा गिटार उघडशील.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तार. गिटारची स्टीलची तार वर हलली की त्या गुंडाळीत, म्हणजे कॉइलमध्ये, एका दिशेने वीज तयार होते, खाली आली की उलट दिशेने. एका पिकअपला या दिशेचं काही सोयरसुतक नसतं, उलटा लावला तरी कानाला फरक कळत नाही. दोन पिकअप एकाच वेळी चालू केले की मात्र दिशा महत्त्वाची होते. पावसाळ्याआधी होडी वाळूवरून वर चढवताना तू हात लावला असशील. एक जण आवाज देतो आणि सगळे त्या आवाजावर एकदम जोर लावतात, म्हणून ती हलते. अर्धे लोक वरच्या बाजूला आणि अर्धे समुद्राकडे जोर लावू लागले, तर घाम सगळ्यांना येईल आणि होडी तिथंच राहील. तुझा नेक आणि मिडल सध्या तसेच वागतायत.

मग आवाज पूर्ण बंद का होत नाही? कारण दोन पिकअप तारेखाली वेगवेगळ्या जागी आहेत. तारेची मोठी, सावकाश हालचाल, म्हणजे खर्ज, दोन्ही जागी जवळजवळ सारखीच असते. ती एकमेकांतून वजा होऊन जाते. वरचे बारीक उपस्वर प्रत्येक जागी वेगळे असतात, ते पूर्ण वजा होत नाहीत आणि मागे उरतात. म्हणून तुला तो डब्यातला, नाकातला आवाज ऐकू येतो. तुझ्या कानाने अगदी बरोबर टिपलंय.

यात तुझ्या बसवण्याचा दोष नाही. पिकअपची तार कोणत्या दिशेने गुंडाळायची, चुंबकाचं कोणतं टोक तारांकडे ठेवायचं, आणि कोणत्या रंगाची वायर गरम (म्हणजे आवाज पुढे नेणारी), याचा सगळ्या कंपन्यांना मिळून एकच नियम नाही. एका कंपनीचे तिन्ही असले की ते आपापसात जुळवलेले असतात. वेगळ्या घरचा एक आला की तो जुळेल किंवा जुळणार नाही. जवळजवळ छापाकाट्यासारखंच. तुझ्याकडे काटा पडला.

आता एक गोष्ट आधी पक्की कर. स्ट्रॅटच्या त्या मधल्या दोन जागा, नेक-मिडल आणि मिडल-ब्रिज, मुळातच थोड्या पोकळ वाजतात. 1954 साली फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे स्ट्रॅट, आली तेव्हा तिला तीन जागांचा स्विच होता. वाजवणारे तो स्विच दोन जागांच्या मधे अडकवून तो आवाज काढत. पाच जागांचा स्विच कंपनीने 1977 मध्ये द्यायला सुरुवात केली. त्या आवाजाला आजही पुष्कळ जण 'आउट ऑफ फेज' म्हणतात. ते चुकीचं नाव आहे, तिथे दोन्ही पिकअप एकाच फेजमध्ये असतात. या चुकीच्या नावामुळे पोरं बरोबर असलेली गिटार उघडून बिघडवतात, म्हणून मुद्दाम सांगतोय. खरा उलटा फेज ओळखायचा तर सहावी, सगळ्यांत जाड तार मोकळी छेड. तिचा स्वर साधारण 82 हर्ट्झचा. आधी नुसता नेक, मग नेक-मिडल. फेज बरोबर असेल तर आवाज थोडा हलका, काचेसारखा होईल, पण जाड तार जाडच राहील. उलटा असेल तर आवाज एकदम पडेल आणि जाड तार बारीक तारेसारखी वाजू लागेल.

मिडल-ब्रिजची जागाही अशीच तपास. तू तिच्याबद्दल काही लिहिलं नाहीस, म्हणजे ती ठीक असावी. ती ठीक असेल तर उलटा आहे तो नेक. दोन्ही मधल्या जागा पातळ असतील तर उलटा मिडल. फक्त मिडल-ब्रिज पातळ असेल तर ब्रिज. गिटारचा एक स्क्रूही न काढता एवढं कळतं.

कानावर भरवसा आहेच, पण मी मीटरच्या काट्याला विचारल्याशिवाय कहिया (सोल्डरिंग आयर्न) गरम करत नाही. हे काम मला मनापासून आवडतं, म्हणून सविस्तर सांगतो. मंडपातले साउंडवाले स्पीकरला दीड व्होल्टचा सेल टेकवून कोन बाहेर येतो की आत जातो ते बघतात ना, तसंच हे. गिटारमध्ये केबल लाव, पण दुसरं टोक अॅम्पला लावू नको. त्या मोकळ्या जॅकच्या टोकाला मल्टिमीटरची लाल वायर आणि मागच्या दांडीला काळी वायर चिमट्याने पकड. व्हॉल्यूम पूर्ण वर. डिजिटल मीटर असेल तर ओहमच्या 20 के रेंजवर ठेव. स्विच नुसत्या ब्रिजवर आण. सिंगल कॉइलला साधारण साडेपाच ते साडेसहा के असा आकडा दिसेल. आकडा स्थिर झाला की स्टीलचा पेचकस त्या पिकअपच्या खुंट्यांवर पटकन टेकव. टेकवताक्षणी आकडा वर उडी मारेल किंवा खाली घसरेल, आणि पुन्हा जागेवर येईल. वर की खाली, ते कागदावर लिही. मग मिडल, मग नेक.

यात एक खाच आहे. पेचकस टेकवताना आकडा ज्या बाजूला जातो, उचलताना त्याच्या उलट बाजूला जातो. त्यामुळे तिन्ही वेळा एकच हालचाल बघ, फक्त टेकवतानाची. डिजिटल मीटर जरा मंद असतात, कधी उडी निसटते, म्हणून प्रत्येक पिकअपवर पाच-सहा वेळा कर. जुना काट्याचा मीटर मिळाला तर सोनं. तो डीसीच्या सगळ्यात लहान रेंजवर लाव, काटा उजवीकडे किंवा डावीकडे झटका देतो आणि शंकाच उरत नाही. माझ्याकडचा काट्याचा मीटर रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी दिलेला आहे. काच पिवळी पडली आहे, पण पिकअपच्या फेजच्या बाबतीत त्याने मला अजून फसवलेलं नाही. दोन पिकअप एकीकडे आणि तिसरा दुसरीकडे गेला की तो तिसराच तुझा गुन्हेगार.

आता वायरी बदलण्याआधी आणखी एक तपासणी, आणि ही बहुतेक जण करत नाहीत. हमिंग ऐक. सिंगल कॉइल घरातल्या 50 हर्ट्झच्या विजेची घरघर पकडतो, विशेषतः चोकच्या ट्यूबलाइटजवळ. गिटार अॅम्पला लाव, एका जागी न हलवता धर, कारण गिटार नुसती वळवली तरी घरघर कमी-जास्त होते. आता नुसता नेक लाव, मग नेक-मिडल. घरघर कमी झाली की तशीच राहिली?

हे का विचारतोय ते सांगतो. तारेच्या आवाजाचा फेज दोन गोष्टींवर ठरतो: कॉइलची दिशा आणि चुंबकाची दिशा. घरघर मात्र फक्त कॉइलवर ठरते, चुंबकाशी तिचा संबंध नाही. तुझ्या गिटारला नेक-मिडलवर घरघर तशीच राहत असेल, तर कॉइल एका दिशेच्या आणि चुंबक उलटे आहेत. अशा वेळी वायरी बदलल्या की खर्ज परत येईल आणि वर घरघरही गळून पडेल. कार्यक्रमाच्या दृष्टीने ही लॉटरीच. पण त्या जागी घरघर आत्ताच कमी होत असेल, तर चुंबक सारखे आणि कॉइल उलट्या आहेत. मग वायरी बदलल्यावर आवाज भरदार होईल, पण घरघर त्या जागेवरही ऐकू येऊ लागेल. तेव्हा 'काकांनी सांगितलं ते केलं आणि नवीनच बिघाड झाला' असं वाटू नये, म्हणून आधी सांगितलं. तो बिघाड नव्हे. तीन एकसारखे सिंगल कॉइल असलेल्या जुन्या गिटार अशाच वाजत.

चुंबकाची दिशा डोळ्यांनी बघायची असेल तर होकायंत्र लागतं. पण होडीवरचं वापरातलं होकायंत्र या कामाला कृपा करून आणू नकोस. जवळच्या जोरदार चुंबकाने सुई बिघडू शकते आणि ती चूक गिटारपुरती राहणार नाही. शाळेच्या कंपासपेटीतलं छोटं घे, पिकअपपासून थोडं अंतर ठेवून धर, आणि सुईचं कोणतं टोक वळतं ते बघ. मिडलवर एक टोक आणि नेकवर दुसरं वळलं, तर चुंबक उलटे.

आता काम. तारा उतरव, पिकगार्डचे स्क्रू काढ (आजच्या स्ट्रॅटला बहुधा अकरा असतात) आणि एका वाटीत ठेव. सर्वात आधी मोबाइलवर फोटो काढ, दोन्ही बाजूंनी. नेकच्या पिकअपमधून दोन वायरी निघतात. एक स्विचच्या पायाला गेली आहे, ती गरम. दुसरी व्हॉल्यूमच्या पॉटच्या (नॉबखालच्या गोल डबीच्या) पाठीवर डागली आहे, ती ग्राउंड. दोन्ही सोडव आणि जागा बदलून डाग. बाकी कशालाही हात लावू नकोस, स्विचच्या दुसऱ्या पायांनाही नाही.

वायर ओढताना पिकअपच्या खालच्या दोन बारीक डागांवर ताण येऊ देऊ नकोस. कॉइलची तार साधारण 0.06 मिलिमीटरची असते, केसाएवढी, आणि तिचे साडेसात-आठ हजार वेढे असतात. तिचं टोक तुटलं तर तुझा चांगला पिकअप खरोखरच मेला. कहिया 25 ते 40 वॉटचा चालेल. पॉटची पाठ उष्णता पिऊन टाकते, तिथे थोडा धीर धर. डाग चमकदार आणि पसरलेला हवा, मण्यासारखा गोल बसला तर तो धरलेला नसतो. सोल्डर आतून राळ असलेलं घे. कल्हईवाल्याचा नवसागर किंवा पत्र्याच्या कामाची अॅसिडची पेस्ट गिटारच्या जवळपास फिरकू देऊ नकोस. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत त्याचा उरलेला अंश तांबं खात राहतो आणि सहा महिन्यांत हिरवी बुरशी धरते. गिटार उघडीच आहे तर स्विचचे संपर्कही बघ. काळवंडले असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून स्विच वीस-पंचवीस वेळा हलव.

आणि तो जुना, बंद पडलेला पिकअप टाकून दिला नसशील तर जपून ठेव. पावसाळ्यात मरणाऱ्या पिकअपमध्ये कित्येकदा कॉइलचं बाहेरचं टोक तेवढं गंजून सुटलेलं असतं. ते मिळालं तर पिकअप परत बोलतो. गणपती झाले की पुन्हा लिही, त्यावर वेगळं बोलू.

हीच तक्रार असलेले पण वेगळी गिटार असलेले वाचकही असतील, त्यांनी मात्र पुढचं वाचल्याशिवाय वायरी बदलू नयेत. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे टेलिकास्टर पद्धतीची एक गिटार आली, हीच तक्रार घेऊन. नेकच्या पिकअपला चकचकीत धातूचं झाकण होतं. मी वायरी बदलल्या, फेज जुळला, गिटार परत दिली. दुसऱ्या दिवशी तो मुलगा परत आला: झाकणाला बोट लागलं की जोरात घरघर होते. चूक माझी होती. ते झाकण आतून पिकअपच्या ग्राउंड वायरीला जोडलेलं असतं. वायरी बदलल्यावर तीच गरम झाली आणि झाकणही गरम झालं. त्याच्या कार्यक्रमाचा एक दिवस माझ्या घाईत गेला, ते मला अजून लागतं. तिथे झाकणाचा तो छोटा जोड कापायचा, झाकणाला स्वतंत्र वायर काढून ती ग्राउंडला द्यायची, आणि मगच पिकअपच्या वायरी बदलायच्या. टेलिकास्टरच्या ब्रिज पिकअपखालच्या पत्र्याचंही तेच, आणि तो पत्रा स्क्रूमधून ब्रिजला आणि ब्रिज तारांना टेकतो, म्हणून तिथे जास्तच सांभाळा.

हंबकरमधून (दोन कॉइलच्या पिकअपमधून) एकच वायर आणि भोवती विणलेली जाळी येत असेल तर अदलाबदल करताच येत नाही, कारण जाळी गरम करून चालणार नाही. चार वायरींचा असेल तर ज्या कंपनीचा पिकअप, त्याच कंपनीचा नकाशा वापरा. सेमूर डंकनमध्ये काळी गरम, हिरवी ग्राउंड, लाल-पांढरी एकत्र. डिमार्झिओमध्ये लाल गरम, हिरवी ग्राउंड, काळी-पांढरी एकत्र. पहिल्याच्या नकाशाने दुसरा जोडला तर त्याच्याच आतल्या दोन कॉइल एकमेकींविरुद्ध जातात आणि पिकअप एकटा असतानाही पातळ वाजतो. दोन पिकअपमधला फेज बदलायचा तर गरम आणि ग्राउंड तेवढ्या बदला, एकत्र जोडलेली जोडी तशीच ठेवा आणि उघडी वायर कायम ग्राउंडलाच.

तुला आता हा पातळ आवाज नकोसा झालाय, पण त्याचा तिरस्कार करू नकोस. फ्लीटवुड मॅक बँडच्या पीटर ग्रीनच्या 1959 च्या लेस पॉल गिटारमध्ये नेकच्या पिकअपचा चुंबक उलटा होता आणि दोन्ही पिकअप मिळून येणारा तो रडवेला आवाज त्याची ओळख झाला. क्वीन बँडच्या ब्रायन मेने वडिलांबरोबर घरी बनवलेल्या गिटारमध्ये तर प्रत्येक पिकअपला फेज उलटवायचा स्वतंत्र स्विच आहे. पुढेमागे तुझ्या टोनच्या नॉबखाली ओढायचा स्विच बसवून हे दोन्ही आवाज ठेवता येतील. गणपतीआधी नको.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगणार. मंडपात तारांवर हात असताना माइकला ओठ लागला आणि झिणझिण्या आल्या, तर तो फेजचा प्रश्न नाही. तिथे अर्थिंग नाही किंवा कुणीतरी प्लगची तिसरी पिन काढली आहे. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होणं नेहमीचं आहे, झिणझिण्या नाहीत. वाजवणं तिथल्या तिथे थांबव, मोठ्यांना सांग, आणि अर्थिंग झाल्याशिवाय गिटार गळ्यात घालू नकोस. ओल्या जमिनीवर अनवाणी तर मुळीच नाही.

डाग थंड झाले की पिकगार्ड लगेच बंद करू नकोस. ते गिटारवर नुसतं ठेव, केबल लाव, मीटर लाव, आणि पेचकसाची तीच परीक्षा पुन्हा घे: ब्रिज, मिडल, नेक. मघाशी लिहिलेला कागद शेजारी ठेव. आता तिन्ही आकडे एकाच बाजूला उडी मारतील. मारले की वाटीतले स्क्रू लाव, तारा चढव, आणि नेक-मिडलवर स्विच आणून जाड तार मोकळी छेड.